सासूबाईंची नजर

माणसाचं लक्ष किती वेळ टिकतं, याचा प्राध्यापिका अकरा वर्षं अभ्यास करत होती. पडद्यावर शेकडो काळे ठिपके सरकायचे. त्यांत एखादा किंचित फिकट दिसला की बटण दाबायचं, चाळीस मिनिटं. भलेभले पंधराव्या मिनिटाला ढेपाळायचे.

त्या दिवशी नवा पडदा आला आणि नेमका मदतनीस रजेवर. प्राध्यापिकेच्या सासूबाई सुनेसोबत दवाखान्यात जायचं म्हणून बाहेर बाकावर बसल्या होत्या.

"आई, जरा यंत्र तपासायला बसता? कंटाळा आला की सांगा."

सासूबाई बसल्या. साठ फिकट ठिपके आले, त्यांनी साठही टिपले. बटण अडकलं असणार, म्हणून सुनेने ते बदलून त्यांना पुन्हा बसवलं. या खेपेला एकोणसाठ.

"एक सुटला. शिंक आली मला," सासूबाई म्हणाल्या.

सून बघतच राहिली. "आई, घरी दूध उतू गेलं तरी तुम्हाला पत्ता नसतो!"

"दुधाकडे बघायचा मला पगार नव्हता गं."

कापड गिरणीत त्यांनी तीस वर्षं ताग्यातले दोष शोधले होते, हे सुनेला ठाऊक होतं. पण ते काम करायचं कसं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता खुर्ची ओढून विचारलं.

"नव्या मुली डोळ्यात तेल घालून बघायच्या आणि दुपारपर्यंत डोकं धरून बसायच्या," सासूबाई म्हणाल्या. "नजर रोखायची नाही, पसरून सोडायची. दोष आपणहून हाक मारतो. बस तू, दाखवते."

प्राध्यापिका बसली. मागून सूचनांचा भडिमार सुरू झाला. "डोळे वटारू नकोस. खांदे खाली. आता कसला विचार करतेयस?"

"पुढच्या लेखाचा," सून ओशाळून म्हणाली. साठांपैकी एकेचाळीस सापडले. दोघी पोट धरधरून हसल्या.

घरच्या माणसाचे आकडे अभ्यासात धरता येत नव्हते. पण लक्ष कसं सुटतं हे आपण जगाला विचारत बसलो आणि ते राखणं हेच ज्यांचं काम, त्यांना एकदाही विचारलं नाही, हे सुनेला चांगलंच लागलं.

"आई, तुमच्या गिरणीतल्या मैत्रिणी येतील?"

मंगळवारी सात जणी आल्या. गलका एवढा, की विभागप्रमुख दार उघडून बघून गेले. दोघींचे आकडे बेताचे आले, एक तर चक्क डुलकी काढून उठली. उरलेल्या चौघींनी मात्र आजवरचे सगळे आकडे मागे टाकले.

जाताना त्यांतली सगळ्यात ठेंगणी म्हणाली, "ताई, खुर्ची फार उंच आहे. पाय लोंबकळत असताना लक्ष लागेल कुणाचं?"

प्राध्यापिकेने ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. नव्या अभ्यासातली ती पहिली नोंद ठरली. मग तिने सगळ्यांना चहा सांगितला आणि ठेंगण्या बाईंना म्हणाली, "आता बसा, आणि आणखी काय काय चुकतंय ते सांगा."