बिनचमकीचा काळा

गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सोजरबाईंना वाटलं, हिचं काम अजून बाकी आहे. शोरूममधल्या बाकीच्या गाड्या नवरीसारख्या झळकत होत्या, आणि ही एकटी कोपऱ्यात, चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्यासारखी. वर दिवा लागला होता, पण तो तिच्या अंगात कुठेच दिसत नव्हता. त्यांनी लेकाला हळूच विचारलं, पॉलिश कधी करून देणार म्हणे? कुलदीप हसला, सून स्वरूपा हसली, किल्ली घेऊन उभी असलेली मुलगीसुद्धा हसली. मग कुलदीपने समजावलं की हिला मॅट म्हणतात, ही अशीच असते, आणि अशीच मिळावी म्हणून लोक चार-चार महिने थांबतात.

सोजरबाईंचं उभं आयुष्य चमक काढण्यात गेलं होतं. भूम तालुक्यातून नवऱ्यामागे इकडे आल्या आणि भोसरीच्या एका शेडमध्ये बफिंगला लागल्या, त्या बावीस वर्षं. दाराच्या कड्या, नळ, हँडलं गरगर फिरणाऱ्या चाकावर दाबून धरायची. त्यात आपलं तोंड दिसलं की पेटीत टाकायची, दिसेना तर परत चाकावर. त्या चाकावर लेक इंजिनिअर झाला. आणि लेकाने घेतली ती गाडी अशी, की तिच्यात कुणाचंच तोंड दिसत नाही.

"हात तर लावून बघ आई," कुलदीप म्हणाला. "मखमल आहे मखमल."

सोजरबाईंनी बॉनेटवर हात ठेवला. बोटं पुढे नेली, मागे आणली.

"व्हय रे," त्या म्हणाल्या. "मखमलच."

बोटांना काहीही कळलं नव्हतं.

ही गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. चाकाची थरथर बावीस वर्षं हातात उतरत गेली होती. आधी थंडीत बोटांची टोकं पांढरी पडायची, मग मुंग्या यायच्या, आणि मग मुंग्याही यायच्या बंद झाल्या, तेव्हा सोजरबाईंना वाटलं बरं झालं, त्रास गेला. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी दोन्ही हातांच्या बोटांत सुई टोचून पाहिली आणि विचारलं, आता? आता? सोजरबाई नुसत्या सुईकडे बघत बसल्या. शिरा गेल्या, परत येणार नाहीत, असं सांगून त्यांनी एक कागद लिहून दिला. तो सोजरबाईंनी येताना रिक्षातच सोडला. नवरा, कोंडीराम, तेव्हाच नुकता गेला होता. एका घरात एका वर्षात एवढं पुरे.

तेव्हापासून त्या डोळ्यांनी जगत होत्या. चपाती भाजली की नाही ते रंगावरून, तवा तापला की नाही ते वासावरून, सुई तर त्यांनी केव्हाच सोडली होती. एकदा हाताला चटका बसला तो स्वरूपाने सांगितल्यावर समजला. तर त्यांनी हसून, कामाचे हात गं, गेंड्याचं कातडं, म्हणून वेळ मारून नेली. हे सगळं लपवण्यात तसा काही मोठा अर्थ नव्हता. म्हणजे ठकी येईपर्यंत नव्हता.

ठकी म्हणजे नात. पत्रिका बघून ठेवलेलं तिचं नाव बरंच अवघड होतं, आणि ते घेताना सोजरबाईंची जीभ अडखळायची, म्हणून त्यांनी आपलं ठकी ठेवलं. स्वरूपा कऱ्हाडच्या माहेराहून अडीच महिन्यांची ठकी घेऊन पुनावळ्याच्या फ्लॅटवर आली, तेव्हा तिने आल्या आल्या सांगून टाकलं की अंघोळीला बाई ठेवायची नाही, आई आहेत की. सोजरबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. बावीस वर्षं त्यांच्या हातांना कुणी लोखंडाखेरीज काही सोपवलं नव्हतं. कुलदीपच्या वेळी बाराव्या दिवशी कामावर गेल्या होत्या, त्याला शेजारणीने न्हाऊ घातलं.

म्हणून त्या गप्प राहिल्या. पाण्यात कोपर बुडवून बघायच्या, कोपराला अजून कळत होतं. पाय लांब करून बसायच्या, नडगीवर ठकीला पालथं घालायच्या आणि तेल लावायच्या, हळू, आपल्या मते अगदी हळू. ठकी रडायची. पण अंघोळीला रडत नाही ते पोर कसलं? आठव्या दिवशी तिच्या पाठीवर लाल पट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, तेल मानवलं नसेल, बदलून बघा. स्वरूपाने तिळाचं काढून खोबरेल आणलं.

त्याच आठवड्यात, नवरात्रात, गाडी आली.

आता कुलदीपचं सांगायचं तर तो चाकणला एका कंपनीत होता, तिथे गाड्यांचे बंपर रंगवतात. तो शेवटच्या टेबलावर. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली दिवसाला तीनशे-साडेतीनशे बंपर समोरून जायचे, आणि खिशातली बॅटरी तिरपी मारून त्यातला धुळीचा कण, रंगाचा ओघळ, चरा शोधायचा, हे त्याचं काम. कुणाच्या लग्नात गेला तरी नवरदेवाच्या गाडीचा रंग कुठे पातळ बसलाय ते आधी बघणार. चकाकत्या रंगात मला दुसऱ्यांच्या चुकाच दिसतात, तो म्हणायचा. हा काळा शांत आहे, डोळ्यांना टोचत नाही. आणि खरं होतं ते. सोसायटीत लोक थांबून बघायचे, पोरं फोन काढायची. ऊन त्या गाडीवर पडायचं आणि आत मुरून जायचं.

फक्त तिचे नखरे फार. धुलाई केंद्रात न्यायची नाही, ब्रश लावायचा नाही, पॉलिश तर नावच नको. घासलं की तेवढी जागा चकाकायला लागते आणि ती मग जन्मात परत काळी होत नाही, कारण चमक आणता येते, एकदा आलेली चमक उतरवता येत नाही. कबुतर शिटलं तर तासाच्या आत पाण्याने भिजवून उचलायचं. पुनावळ्यात तर चारी बाजूंनी बांधकामं, सकाळी पुसलेली गाडी दुपारी पीठगिरणीतून आल्यासारखी. कुलदीप साडेपाचला उठून दोन बादल्या घेऊन खाली जायचा. एका बादलीत फडकं बुडवायचं, दुसरीत पिळायचं, आणि गाडीवरून नुसतं फिरवायचं, दाबायचं नाही. सोजरबाई गॅलरीतून बघायच्या. लेकाचा हात इतका हलका असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. स्वरूपा एकदा म्हणाली, मला एवढ्या मायेने कधी हात लावला नाही हो आई. आणि दोघी खिदळल्या.

शोरूममध्ये पूजा झाली होती, पण कशी, तर नंबरच्या पाटीला कुंकवाचं एक बोट. सोजरबाईंच्या मनाला ते लागून राहिलं. पाटी पुजली, गाडी कुठे पुजली? कोंडीराम होता तेव्हा खंडेनवमीला कारखान्यातलं मशीन पुजायचा, आणि कुंकू तेलात कालवून लावायचा, कारण कोरडं कुंकू लोखंडावर टिकत नाही. खंडेनवमीच्या सकाळी कुलदीप कंपनीतल्या पूजेला चाकणला गेला, बसने. स्वरूपा ठकीला घेऊन झोपली होती. सोजरबाईंनी वाटीत तेल घेतलं, कुंकू कालवलं, खाली गेल्या आणि बॉनेटच्या मधोमध वीतभर स्वस्तिक काढलं. झेंडू वाहिला, नारळ वाढवला. त्या काळ्यावर ते लाल इतकं खुललं, की त्यांना वाटलं, आता कुठे गाडी घरची झाली.

वर येतात तोच कुलदीपचा फोन. पूजा करशील तर आई, बॉनेटला काही लावू नकोस हं, आणि तेल तर अजिबात नको, डाग धरतो तो रंग.

सोजरबाई बरं म्हणाल्या, आणि जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा, थोडं भांड्यांच्या साबणाचं पाणी घेऊन परत खाली. कुंकू लगेच निघालं. तेलाची छाया निघेना. त्यांनी पुसलं, परत पुसलं, परत. पार्किंगमध्ये अंधारच, तिथे बघता बघता डाग दिसेनासा झाला. त्या समाधानाने वर आल्या आणि पुरणाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा. चौघांनी मिळून देवीला जायचं ठरलं होतं. कुलदीपने गाडी पार्किंगमधून उन्हात काढली आणि तिथेच थांबवली. उतरला. पुढे येऊन उभा राहिला. मग खिशातून ती बॅटरी काढली, भर उन्हात, आणि बॉनेटवर तिरपी धरली.

सोजरबाईंनी पाहिलं. मधोमध परातीएवढी जागा आरशासारखी झाली होती. तीत आभाळ दिसत होतं, समोरच्या इमारतीची गॅलरी दिसत होती, आणि वाकून पाहिलं तर त्यांचं स्वतःचं तोंडही. भोसरीच्या शेडमध्ये असं हँडल पहिल्या फेरीत पास झालं असतं.

कुलदीप ओरडला नाही. ओरडला असता तर बरं होतं. त्याने कंपनीत विचारतात तसं विचारलं.

"किती जोर लावलास आई?"

"जोर न्हाई रे लावला," सोजरबाई म्हणाल्या. "ठकीचं अंग पुसते, तस्संच पुसलं."

बोलून गेल्या, आणि मग त्यांना ते पट्टे दिसले. चकाकणाऱ्या जागेच्या कडेला बोटांचे पट्टे उमटले होते, चार-चार, शेजारी शेजारी. असेच, एवढेच रुंद, एवढ्याच अंतरावरचे पट्टे त्यांनी गेल्या आठवड्यात पाहिले होते. तिळाच्या तेलावर ज्यांचा आळ गेला होता ते.

स्वरूपाने ठकी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिला काही कळलं होतं की मुलीचा भार झाला होता, हे सांगता येणार नाही. ती उलट सासूची बाजू घेऊन कुलदीपलाच बोलली, की त्यांना काय माहीत तुझं मॅट, एक बॉनेट आहे, माणूस आहे का? देवीला मग कुणी गेलं नाही. कुलदीपने आपट्याची पानं आईच्या हातात दिली, पाया पडला, आणि दिवसभर कुणाकुणाला फोन करत राहिला. सगळ्यांनी एकच सांगितलं: एवढाच तुकडा दुरुस्त होत नाही, सगळं बॉनेट रंगवावं लागेल, आणि रंगवलं तरी बाकीच्या गाडीशी जुळेल याची खात्री नाही.

सोजरबाईंवर कुणी ठपका ठेवला नव्हता. अडाणी म्हातारी, देवभोळी, तेल लावून बसली. इथेच प्रकरण मिटत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. अडाणी म्हणवून घेणं त्यांना काही नवं नव्हतं, आणि बदल्यात ठकीची अंघोळ राहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपाने नेहमीसारखी ठकी आणून त्यांच्या नडगीवर घातली, खोबरेलाची वाटी शेजारी ठेवली आणि दुपटं आणायला वळली. ठकी मान वर करून बघत होती. तिच्या पाठीवर कालपरवाचं लाल अजून फिक्कं दिसत होतं. सोजरबाईंनी तेलात बोटं बुडवली. ती बुडाली, हे त्यांनी पाहिलं. ती त्या पाठीपर्यंत नेली आणि तिथेच धरून ठेवली.

"स्वरूपा," त्या म्हणाल्या. "हिला घे."

"काय झालं आई?"

"माझ्या बोटांना कळत न्हाई गं. सहा वर्सं झाली. जोर किती, कायबी कळत न्हाई. तेलाचं काय नव्हतं ते."

स्वरूपा समजूतदार मुलगी. तिने नंतर सासूला जवळ घेतलं, रडलीही, डॉक्टरकडे घेऊन गेली, तपासण्या केल्या, गोळ्या आणल्या. पण त्या क्षणी तिने जे केलं ते कुठल्याही आईने केलं असतं: झडप घालून पोर उचललं. इतक्या घाईने, की तेलाची वाटी कलंडली. सोजरबाईंनी ते तेल फडक्याने टिपून घेतलं. ते अर्धं मिनिट त्यांना गोळ्यांनी कधी भरून दिलं नाही.

दिवाळीच्या आधी गावठाणातली रंभा अंघोळीला यायला लागली. चाळिशीची, बडबडी, पण हात लोण्यासारखा. तिच्या हाताखालीही ठकी रडायची, पण ते रडणं वेगळं होतं. सोजरबाईंना आता तो फरक ऐकू यायचा. त्या दाराशी दुपटं घेऊन उभ्या राहायच्या. रंभा म्हणायची, आजी, बसा की. तर म्हणायच्या, उभंच बरंय.

बॉनेट कुलदीपने रंगवलं नाही. आईच्या हातची खूण म्हणून माया आली असं नाही. न जुळणारा रंग त्याला रोज दिसला असता, आणि ते त्याला झेपलं नसतं. आता तो गाडी भिंतीकडे तोंड करून लावतो.

एका रविवारी तो दोन बादल्या घेऊन निघाला तेव्हा वर अंघोळ चालू झाली होती. सोजरबाई त्याच्यामागून खाली गेल्या, एक फडकं हातात घेऊन. तेवढं तरी करावं, असं मनात. कुलदीपने गाडी भिंतीपासून मागे घेतली. मग म्हणाला, "आई, डोळे मीट."

त्यांनी मिटले. त्याने त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला, एकदा इथे, एकदा तिथे, परत इथे.

"गुळगुळीत कुठं लागतंय, सांग."

सोजरबाई उभ्या राहिल्या. सुईच्या वेळी निदान बघता तरी येत होतं.

"सगळं सारखंच," त्या म्हणाल्या.

"मग शोरूममध्ये मखमल कशी म्हणालीस?"

"तुला पाहिजे होती म्हणून."

वरच्या गॅलरीतून ठकीचं रडणं आलं आणि रंभाचं झालं-झालं-झालं. सोजरबाईंनी डोळे उघडले. हातात फडकं नव्हतं. ते कुलदीपने केव्हाच हळूच काढून घेतलं होतं, आणि तो ते बादलीत बुडवून पिळत होता.