वजा दहा

मी एक जुनी मोजकाठी आहे, बर्फ किती पडला ते सांगणारी. मित्रांनो, विश्वास बसत नसेल तर आत्ताच सांगा, मला सवय आहे. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे डोळे बारीक करूनच पाहिले आणि मीही त्यांच्याकडे तसेच पाहिले. संशय सर्दीसारखा असतो. एकाला झाला की शेजाऱ्याला व्हायला वेळ लागत नाही.

ग्राटेनआल्प गावात रोपवे आला त्या वर्षी टेओडुल बोर्टिस या सुताराने मला लार्च या डोंगरी झाडाच्या लाकडातून तासून काढले. मला पांढरा रंग दिला, दर दहा सेंटिमीटरवर काळी रेघ ओढली आणि शेजारी सुबक आकडे काढले. रोपवेच्या स्थानकामागे जमिनीत एक लोखंडी नळकांडे पुरले होते. नोव्हेंबरात मला त्यात उभी करायचे आणि मे महिन्यात काढून ठेवायचे. बर्फ मोजायचे कामही गावाने टेओडुललाच दिले.

आमच्या गावात मोटारी नाहीत. पाहुण्यांनी आपली गाडी खाली दरीत ठेवायची, बॅगा घेऊन रोपवेने वर यायचे, की आठवडाभर इथेच. पलीकडच्या उतारावरच्या गावाला रस्ता आहे. तिथे बर्फ नसला तर पाहुणा गाडी काढून दुसरीकडे जातो. इथे तशी सोय नाही. म्हणून आमच्याकडे सुट्टी ठरवणारा माणूस फार चौकस असतो. खोली कशी, जेवण काय, हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, काठीवर किती?

टेओडुल रोज सकाळी सातला येई, वाकून आकडा वाचे आणि खाली शहरात फोन करून कळवी. तो आकडा वर्तमानपत्रात छापून येई. टेओडुल सांगतो ना, मग झाले, असे लोक म्हणत. ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. मला तेव्हा संशय हा शब्दही ठाऊक नव्हता.

मग चौसष्ट सालचा हिवाळा आला. बर्फ पडेचना. नाताळ तोंडावर आला आणि पाहुणे एकेक करून बेत रद्द करू लागले. एका सकाळी तीन हॉटेलवाले टेओडुलभोवती उभे राहिले. त्यांच्यात सर्वांत मोठ्या हॉटेलचा मालक ज्यूल्स होता. तो हळू आवाजात बराच वेळ बोलला. टेओडुल मान हलवत राहिला. खोटा आकडा माझ्या तोंडून निघणार नाही, एवढेच तो म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला नळकांड्यातून उपसले, आडवे टाकले आणि करवतीने माझ्या बुडाचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापला. मी पुन्हा उभी राहिले ती दहा सेंटिमीटर खाली बसून. बर्फ वीस असला तरी माझ्यावर तीस दिसू लागला. टेओडुलने तीस वाचले आणि तीस कळवले. त्याने खोटे सांगितले नाही. ते मला सांगायला लावले.

पाहुणे आले, हॉटेले भरली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी झुरिकच्या एका बाईचा पाय बर्फाखालच्या दगडावर मोडला. टेओडुलने स्वतः तिला घसरगाडीवरून रोपवेपर्यंत आणले. त्यानंतर तो ज्यूल्सच्या हॉटेलाची पायरी कधी चढला नाही. पण कापलेला तुकडा परत जोडलाही नाही. मला अजून त्याचा राग येतो.

एकाहत्तर साली टेओडुल गेला आणि त्याची मुलगी लुडविना आकडे वाचू लागली. पहिल्याच नोव्हेंबरात, बर्फ पडण्याआधी, ती माझ्यापाशी उकिडवी बसली आणि जमिनीलगत शून्याऐवजी दहाची रेघ कशी, हे कितीतरी वेळ पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती बापाच्या हत्यारांच्या पेटीत सापडलेला एक लाकडी तुकडा घेऊन आली. त्याला चौसष्ट सालचे वर्तमानपत्र गुंडाळलेले होते. तिने मला बाहेर काढून तो माझ्या तळाला लावून पाहिला. नेमका बसला.

मला वाटले, आता माझी सुटका झाली. पण तिने मला तशीच परत उभी केली, तुकडा घरी नेऊन चुलीत घातला आणि त्या दिवसापासून रोज माझ्यावरचा आकडा वाचून मनातल्या मनात दहा वजा करू लागली. बावन्न दिसले की बेचाळीस कळवायची. बापाचे कृत्य झाकलेले राहिले आणि आकडाही खरा झाला. नवी काठी का मागितली नाही, असे तुम्ही विचाराल. नवी काठी आली असती, तर जुनी का नको हे सांगावे लागले असते.

अठरा वर्षे कुणाला पत्ता लागला नाही. मग एकोणनव्वदचा हिवाळा आला, चौसष्टसारखाच कोरडा. ज्यूल्सचा मुलगा ओडिलो आता हॉटेल चालवत होता. बाझलच्या एका शाळेची चाळीस मुले जानेवारीत स्कीच्या शिबिराला त्याच्याकडे उतरायची होती. त्यांच्या बाई, श्टेहेलिन नावाच्या, फार काटेकोर होत्या. मुलांच्या उताराला किमान तीस सेंटिमीटर बर्फ हवा, नाहीतर दगड वर येतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी फोन केला. लुडविनाने अठ्ठावीस सांगितले. बाईंनी शिबिर रद्द केले.

ओडिलो तरातरा माझ्यापाशी आला. माझ्यावर अडतीस होते.

त्याने काडेपेटीच्या पाठीवर आकडा लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवडाभर त्याने लिहून घेतला. रोज फरक दहाचा. मग गावात कुजबुज सुरू झाली. लुडविनाची बहीण पलीकडच्या गावात दिली होती, हे सगळ्यांना एकदम आठवले. पाहुणे तिकडे वळवते, असे ठरले. तिच्या पायात नवे बूट दिसले, तर ते कुणी दिले याची चर्चा झाली. पाववाली तिला पाव देताना तोंड फिरवू लागली. मी स्थानकामागे उभी राहून सगळे ऐकत होते. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघे, मग तिच्याकडे. मला ओरडून सांगावेसे वाटे. पण काठीला आकडे असतात, जीभ नसते.

शेवटी ओडिलोने गावातल्या पंधरा-वीस जणांना माझ्यापाशी जमवले. सकाळचे सात वाजले होते. लुडविना नेहमीप्रमाणे आली. गर्दी बघून ती क्षणभर थांबली, पण परत फिरली नाही.

"वाच," ओडिलो म्हणाला. दोघे एका वर्गात शिकलेले.

"अडतीस."

"आणि फोनवर काय सांगणार आहेस?"

"अठ्ठावीस."

"ऐकलंत? तोंडावर सांगते. अगं, चाळीस पोरं घालवलीस तू माझी. बहिणीचा एवढा पुळका असेल तर जा की तिकडंच राहायला."

"खिशात मीटरपट्टी आहे ना तुझ्या?" लुडविना म्हणाली. "मग मला काय विचारतोस? मोज की."

आमच्याकडे घडीची मीटरपट्टी खिशात नाही असा माणूस विरळाच. वीस जण महिनाभर संशय घेत होते आणि एकालाही ती बाहेर काढायचे सुचले नव्हते. ओडिलोने पट्टी उलगडली आणि माझ्या शेजारी बर्फात खुपसली. ती जमिनीला टेकली. अठ्ठावीस.

मग दोघांनी मला उपसून आडवे केले आणि माझे बूड सगळ्यांसमोर आले. त्यावर करवतीच्या खुणा स्पष्ट होत्या.

"कुणी कापली ही?" ओडिलोने विचारले.

"मी," लुडविना म्हणाली.

मित्रांनो, ती इतक्या पटकन म्हणाली की मलाच क्षणभर खरे वाटले.

"बूड कुजलं होतं. कापलं. आकडे नव्यानं काढायचे राहिले, ते राहिलेच."

माझे बूड कुजलेले नव्हते. आजही नाही. ओडिलोने वाकून कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला. लाकूड तिथे काळे पडले होते, पंचवीस वर्षांचे काळे. त्याच्या बापाने टेओडुलला काय करायला लावले होते, हे त्याला त्या क्षणी कळले का? मला दाट संशय आहे की कळले. त्याने अंगठा कोटाला पुसला आणि म्हणाला, "बरं. म्हणजे तू."

गावाने कागदावर लिहिले की लुडविना बोर्टिसच्या हलगर्जीपणामुळे काठी चुकीची झाली. तिचे काम गेले. माझ्या जागी ॲल्युमिनियमची चकचकीत काठी आली. लुडविनाने मला मागून घेतले आणि परसात घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून रोवले. वेल माझ्यावर चढे तेव्हा ती अधूनमधून माझ्या अंगावरचे आकडे पुसून घेई. मागच्या मार्चमध्ये ती गेली. गावातल्या दफनभूमीत बापाशेजारीच आहे. बापाच्या दगडावर कोरले आहे, 'शब्दाचा पक्का'. तिच्या दगडावर नुसते नाव आहे.

मित्रांनो, संशय घेऊ नका असे मी म्हणणार नाही. मी स्वतः सगळ्यांवर घेते. पण घ्यायचाच तर पुरता घ्या. वाकून काठीचे बूड पाहा, खिशातली पट्टी बाहेर काढा. आणि एखादे माणूस फार पटकन 'मी' म्हणाले, तर त्या उत्तराचाही थोडा संशय घ्या आणि तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा. लुडविना त्यानंतर पस्तीस वर्षे याच गावात राहिली. तिला दुसऱ्यांदा कुणीच विचारले नाही.