तिची कवळी

"आता डोळे मिटा आणि आपल्या माणसाचा चेहरा नुसत्या हातांनी करा," ताई म्हणाल्या, आणि कवळीवाल्या काकांच्या काळजात धस्स झालं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. दर बुधवारी दुपारी घरातलं माणूस गेलेले सातआठजण इथे जमत. कधी रंग, कधी कात्री-कागद, आज ओली माती. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या ताई म्हणत की तोंडाला जमत नाही ते कधीकधी हातांना जमतं. सगळ्यांत थोरल्या एक्क्याऐंशीच्या आजी, त्यांची धाकटी बहीण गेलेली. सगळ्यांत धाकटी नऊ वर्षांची चिमणी, तिचे बाबा गेलेले. काकांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. लेकीने हट्टाला पेटून त्यांना इथे आणून बसवलं होतं.

सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनीही मिटले आणि लगेच उघडले. आत कोणी नव्हतं.

हे तीन आठवड्यांपासून चाललं होतं. एका सकाळी दाढी करताना ते सहज बायकोला आठवायला गेले, तर चेहरा येईना. आवाज आला, पावलं आली, हिरव्या स्वेटरची बाहीसुद्धा आली. चेहऱ्याच्या जागी काही नाही. अर्धा साबण गालावर तसाच ठेवून त्यांनी तिचे जुने फोटो कपाटातून काढून पाहिले. फोटोत ती होती, पण फोटो पालथा घातला की गेली. तेव्हापासून काका भीतीने अर्धे झाले होते. आपलं डोकं कामातून चाललं, आज ती गेली, उद्या लेक जाईल, परवा घराचा पत्ता, असं त्यांच्या मनाने घेतलं. लेकीला सांगायची सोय नव्हती. ती डॉक्टरकडे नेणार, आणि डॉक्टर या प्रकाराला काहीतरी नाव देणार.

"आजोबा, तुम्ही फसवताय," शेजारून चिमणी कुजबुजली. तिचा एक डोळा उघडा होता.

"तूही फसवतेयस."

"माझं झालं." तिच्यापुढे मातीचा एक कान होता. नुसता कान, पण मोठा झकास. "मी बाबांच्या खांद्यावर बसायचे ना, म्हणून कान पाठ आहे. बाकीचे बाबा नीट आठवत नाहीत. आईला सांगू नका हं, रडेल ती."

काकांनी मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. निदान हात तरी हलते ठेवावेत म्हणून त्यांनी माती दाबली, आणि अंगठे आपणहून कामाला लागले.

छत्तीस वर्षं हेच अंगठे कवळ्या करत होते. डॉक्टरांकडून रुग्णाच्या तोंडाचा साचा यायचा, त्यावर काका मेणाच्या हिरड्या घडवायचे, त्यात एकेक दात बसवायचे. रस्त्यात कोणी भेटलं तर आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मग ओळख द्यायचे. गावातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या जिवावर सफरचंद खात होती. आता मातीत हिरडी झाली, सुळे झाले, समोरचे दात एका रेषेत चढले. दहा मिनिटांत काकांनी डोळे उघडले.

"ही तर जाहिरातीतली बाई!" चिमणी म्हणाली.

खरंच होतं. दात इतके सरळ की कुठल्याही डॉक्टरने पाठ थोपटली असती. आणि ते दात काकांनी ओळखले. पाच वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्यात बायकोचे सगळे दात गेले, तेव्हा त्यांनी दोन आठवडे खपून तिची कवळी केली होती. तिच्या समोरच्या दोन दातांत मुळातच फट होती. काकांनी ती बुजवून टाकली. जगाचे दात नीट करायचे आणि घरच्या बाईला फट ठेवायची? तिने कवळी लावून आरशात बराच वेळ पाहिलं. "सुरेख झालीय हो. पण ही कोण?" काका खूष होऊन हसले होते. त्यानंतर ती हसताना तोंडावर हात धरायला लागली. नवी आहे, होईल सवय, असं म्हणत काकांनी चार वर्षं काढली.

डोकं ठणठणीत होतं तर. तिला आपल्याच हातांनी पुसलं होतं, तेही ती जिवंत असताना. हे विसरण्यापेक्षा वाईट होतं. काका खुर्ची सारून उठले.

"ताई, मला जायचंय. मला हे जमायचं नाही."

"जा ना, कोणी अडवत नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "हे ठेवू, की मोडून टाकू?"

मोडा, म्हणायला काकांनी तोंड उघडलं, पण नजर त्या सरळ दातांवर गेली. ते परत खुर्चीत बसले. मग नखाने त्यांनी समोरचे दोन दात एकमेकांपासून सोडवले. तसं करताना एक दात निखळून पडला. तो त्यांनी परत लावला, किंचित तिरका. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम वाईट काम केलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

फटीवर वरचा ओठ ठेवला, तर तो एका बाजूला जरासा उचलला गेला. ओठ उचलला म्हणून गालाला वर जावं लागलं. गालावरून अंगठा नाकाकडे सरकला. काका श्वास रोखून होते. आत्ता हात थांबला तर पुन्हा काही सापडणार नाही, अशी भीती त्यांना बसली होती. आजूबाजूला खुर्च्या सरकल्या, नळ वाहिला, कोणीतरी हात धुतले. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"चिमणे, आहेस ना?"

"आहे की."

"बघून सांग, कसं दिसतंय?"

चिमणीने वाकून सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं. "चांगलंय. पण आजोबा, नाक वाकडं झालंय."

"नाही गं," काका म्हणाले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं, पण मातीचे हात त्यांनी चेहऱ्यावरून काढले नाहीत. "तसंच होतं."