ओ द्यायची नाही

उतारावर मंत्र घातला तो कुण्या जुन्या मांत्रिकानं, शत्रूचं सैन्य गाडायला. सैन्य गाडलं गेलं, मांत्रिकही म्हातारा होऊन मेला, मंत्र उतरवायचा मात्र राहूनच गेला. तेव्हापासून तिथं कुणी कुणाला नावानं हाक मारली आणि त्या हाकेला ओ मिळाली, की वरचा अख्खा बर्फ खाली येतो. नुसत्या हाकेनं येत नाही. तो ओची वाट बघतो.

म्हणून अलीकडच्या खोपीत एक दोरवाला असतो. वाटसरूंच्या कमरेला दोर बांधायचा, तोंडाला कुलूप लावायला सांगायचं आणि पलीकडे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. आधीच्या दोरवाल्याला बायकोनं मागून जेवायला नावानं हाक मारली. बिचारा सवयीनं ‘ओ’ म्हणाला. नंतर सापडली ती फक्त दोराची गाठ.

आताच्या दोरवाल्याला इथं एकोणीस वर्षं झाली होती. सगळे त्याला दोरवालेच म्हणत, धाकटी बहीण दादा म्हणे. नावानं हाक मारणारी एक आई तेवढी उरली होती, आणि गेल्या वर्षापासून आईच्या डोक्यातून एकेक माणूस निघून चाललं होतं.

त्या सकाळी शेजाऱ्यांनी तिला खोपीपाशी आणून सोडलं. ती आता पलीकडे, मुलीच्या घरी राहणार होती.

“आई, मी आहे,” दोर बांधताना तो म्हणाला.

“आई म्हणालात, बरं वाटलं. माझा मुलगाही इथंच कुठंतरी कामाला असतो. भेटला तर सांगा, वेळेवर जेवत जा म्हणावं.”

“नाव काय त्याचं?” खोपीत विचारायला हरकत नव्हती.

आईनं छताकडे बघत ओठ हलवून पाहिले. “आत्ता होतं हो जिभेवर.”

त्यानं तिच्या कमरेची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. त्याला हायसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. निदान उतारावर ती हाक मारणार नव्हती.

चारशे पावलं ती त्याची बाही घट्ट धरून, मुकाट्यानं चालली. पलीकडे बहीण उभीच होती. तिच्या हाती आईला देऊन तो लगेच परत फिरला. दुपारी बर्फ मऊ पडतो, थांबायची सोय नसते.

निम्म्या वाटेवर मागून हाक आली. त्याचं नाव. शेवटचं अक्षर लांबवून, लहानपणी आई खेळातून घरी बोलावायची तसंच.

वर बर्फ करकरला आणि थबकला. ओ अगदी ओठांवर आली होती. त्यानं मफलर तोंडात कोंबला. दुसरी हाक आली. तिसरीत रडू होतं. मग बहिणीनं आईच्या तोंडावर हात ठेवला असावा.

मधूनच मागं फिरायचं नाही, हाही नियमच. तो त्यानं धाब्यावर बसवला. मफलर चावत, डोळे पुसत तो दोनशे पावलं मागं आला. मनात एकच घोकत होता, आई, मी पोचेपर्यंत तेवढं विसरू नकोस.

उतार संपला. खडकावर पाय टेकवून त्यानं मफलर ओढून काढला.

“ओ,” तो म्हणाला.

बहीण तोंड फिरवून उभी होती. आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काय हो दोरवाले,” तिनं विचारलं, “तुम्हाला कुणी हाक मारली?”