बाबाच्या वाट्याचे मुरमुरे

सौसरला सुभेदार रघुनाथरावांच्या घरी साडेआठला कोणी गेलं, तर त्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. व्याही येवो नाहीतर खुद्द कलेक्टर येवो, सतरंजीचं एक टोक दाखवायचं, 'बसा' म्हणायचं आणि मान परत टीव्हीकडे. कारण साडेआठला 'टंकी वाली गली' लागते. त्यातला फुग्गन चाचा रोज कोणाच्या तरी घरचा नळ दुरुस्त करायला घेतो, 'बस, पाँच मिनट!' म्हणतो, आणि शेवटी सगळं पाणी त्याच्याच तोंडावर उडतं. रोजचं हेच. काय होणार हे पोराबाळांनासुद्धा ठाऊक, तरी सगळे पोट धरून हसतात. उर्मिलाबाई, म्हणजे सुभेदारांच्या मंडळी, तर पाणी उडायच्या आधीच हसायला लागतात.

आता सुभेदार म्हणजे बातम्यांशिवाय टीव्हीवर काही लावू न देणारा माणूस. फौजेतून निवृत्त झाले, रामाकोन्याच्या शेतात संत्री लावली, पण घरात अजूनही परेडीचाच कारभार. तो माणूस या चाचाच्या नादी लागला तो त्यांच्या मुलामुळे. गौतमही फौजेतच. जिथं त्याची पोस्टिंग होती तिथं टीव्ही नव्हता. नेटवर्क यायचं, तेही मनात आलं तर. म्हणून त्याच्या बायकोनं, प्रणालीनं, एक युक्ती काढली. टीव्हीसमोर एक स्टूल ठेवायचा. सुभेदारांनी संत्र्याच्या पेटीच्या फळीला खाच पाडून दिली, तिच्यात फोन उभा करायचा, पाठ टीव्हीकडे आणि तोंड घरच्यांकडे. म्हणजे तिकडे गौतमला फुग्गन चाचा दिसायचा आणि इकडे घरच्यांना गौतम. कानटोपी ओढलेला, अर्ध्या अंधारात बसलेला, तळहाताएवढा गौतम.

आणि त्या स्टुलावर, फोनच्या पुढ्यात, मुरमुऱ्यांची एक वाटी. हे ऋतुजाचं काम. ऋतुजा म्हणजे गौतमची लेक, तीन सरून चौथं लागलेलं. फोडणीचे मुरमुरे झाले की पहिली वाटी बाबाची. मालिका संपली, 'बाबा, टाटा' झालं, की ती वाटी उचलून तीच खायची. देवापुढचा प्रसाद असतो ना, तसं. ज्या दिवशी नेटवर्क नसायचं त्या दिवशीही काळा पडलेला फोन खाचेत उभा राहायचा आणि वाटीही ठेवली जायची. उर्मिलाबाईंना हे सारं फार गोड वाटायचं. बाप इतक्या लांब, पण पोरीला त्याची रोजची सवय आहे, असं त्या शेजारणींना सांगत.

कशाचं काय!

गौतम सुट्टीवर आला तेव्हा सगळे त्याला आणायला पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गेले. मागची सुट्टी अर्ध्यातच रद्द होऊन तो परत गेला होता, तेव्हा ऋतुजा नुकती पावलं टाकत होती. आता त्यानं गाडीतून उतरून पिशवी तिथंच टाकली आणि दोन्ही हात पसरले. ऋतुजा आजीच्या पातळात शिरली. ओढून काढली तर भोकाड. सौसरपर्यंत ती सुभेदार आजोबांच्या मांडीवर तोंड लपवून बसली आणि गौतम पुढं ड्रायव्हरशी संत्र्याच्या भावाचं बोलत राहिला.

"होते बाप्पा असं," उर्मिलाबाई म्हणाल्या. "लेकरू हाये. रात्रीपर्यंत बापाच्या गयात पडते का नाई पाहा."

म्हणाल्या खऱ्या, पण हे असलं त्यांनी एकदा पाहिलं होतं. गौतम असाच एवढासा असताना सुभेदार सुट्टीवर आले होते, आणि गौतमनं त्यांच्यादेखत विचारलं होतं, "आई, हा माणूस कवा जाईन?" तेव्हा सगळे हसले. सुभेदारही हसले. पण त्यानंतर त्यांनी पोराला कधी जवळ ओढलं नाही. दर सुट्टीला खेळणी आणत, कपडे आणत, आणि कोपऱ्यात ठेवून देत. आता पोरगा बाप झाला, तरी दोघांचं बोलणं उर्मिलाबाईंच्या तोंडून. "त्याले विचार, संत्री पाहाले येते का." "बाबूजीले म्हणा, येतो." दोघं एकाच खोलीत, आणि ही बाई मधे टपाल वाटत! आणखी एक पिढी हे टपाल वाहायची त्यांची तयारी नव्हती. सुट्टी संपायच्या आत पोरगी बापाच्या कडेवर गेलीच पाहिजे, हे त्यांनी मनात पक्कं केलं.

त्या संध्याकाळी साडेआठला सतरंजी पडली. प्रणालीनं वाट्या भरल्या. गौतम आला आणि स्टुलावरचा फोन बाजूला ठेवून हसत हसत तिथं बसला. "आज मी सोता बसतो इथं."

ऋतुजानं घर डोक्यावर घेतलं. "उठ! ते बाबाची जागा हाये! उठ!"

गौतम उठला. समजवायला सगळे धावले. हाच तुझा बाबा, अवं हाच तो. सुभेदारांनी फर्मान काढलं, "त्याले म्हणा, टोपी घाल." गौतमनं पिशवीतून कानटोपी काढून घातली. ऋतुजानं त्याच्याकडे पाहिलं, बंद फोनकडे पाहिलं, आणि हुंदके देत म्हणाली, "यानं बाबाची टोपी घेतली."

आता बोला!

गौतम टोपी तशीच डोक्यावर ठेवून, चपला घालून बाहेर पडला. थोड्या वेळानं बाजूला ठेवलेला फोन वाजला. गौतम चौकातल्या प्रफुल्लच्या पानठेल्यामागे जाऊन उभा होता. फोन खाचेत बसला, तळहाताएवढा बाबा त्यात दिसला, आणि ऋतुजाचा चेहरा असा खुलला की उर्मिलाबाईंना रडावं की हसावं कळेना.

"बाबा, आज तू लवकर आला!"

"हाव बेटा."

"बाबा, आपल्या घरी एक काका आले. मोठ्ठे." ऋतुजा फोनजवळ सरकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "ते कवा जातीन?"

उर्मिलाबाईंचा हात वाटीतच राहिला. त्यांनी सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार टीव्हीकडे पाहत होते, पण चाचाच्या तोंडावर पाणी उडालं तेव्हा ते हसले नाहीत.

"जातीन ना," फोनमधून गौतम म्हणाला. "लवकरच जातीन."

मग रोजचं तेच सुरू झालं. दिवसा गौतम घरात पाहुण्यासारखा वावरायचा. बोरगावच्या बाजारातून पोरीसाठी लाकडी बैलगाडी आणली, ती तिनं घेतली, पण लांबूनच. साडेआठ वाजत आले की तो कानटोपी घालून चौकात. पानठेल्यावरचे लोक विचारायचे, "काय फौजी, घरी भांडण झालं काय?" तो म्हणायचा, "नाई गा, घरी नेटवर्क नाई." प्रणाली स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि कांद्यावर ढकलायची.

"मी इतका खटाटोप केला तो पोरीनं बापाले इसरू नये म्हणून," ती एकदा सासूला म्हणाली. "अन् तिनं बाबा म्हणून फोनच लक्षात ठेवला."

"तू काई चुकली नाई," उर्मिलाबाई म्हणाल्या. "माह्या वेळी तर फोनबी नोयता." पण सुट्टीचे दिवस सरत होते आणि त्यांच्या जेवणावरची वासना उडाली होती.

एक दिवस चौकात वरात आली. डिसेंबर, लग्नसराई, वर तो बँडवाला! सगळ्या सौसरचे कान किटले. फोनवर बोलणंच शक्य नव्हतं. गौतम वरातीतून वाट काढत मागच्या बोळीनं घराकडे आला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं हळूच आत शिरला. प्रणालीनं तोंडावर बोट ठेवलं आणि ती बैठकीत जाऊन बसली. तो गॅसच्या सिलिंडरजवळ भिंतीला टेकून खाली बसला आणि तिथूनच फोन लावला. बैठकीत आणि स्वयंपाकघरात फक्त एक पडदा. उर्मिलाबाईंना मागची कडी वाजलेली कळली होती, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"बाबा आला!" ऋतुजानं वाटी पुढं सरकवली.

चाचा त्या दिवशी एका ठाणेदाराच्या घरी नळ लावत होता. ठाणेदार अंगावर नवी वर्दी घालून शेजारी उभा. 'बस, पाँच मिनट!' उर्मिलाबाई आधीच हसायला लागल्या. चाचानं पाना फिरवला, आणि पाणी जे सुटलं ते या वेळी चाचाला चुकवून ठाणेदाराच्या मिशीपासून बुटापर्यंत.

गौतमचं हसणं विचित्र आहे. आधी आवाजच नाही, मग दोन उचक्या, आणि मग एकदम भडाभडा, विहिरीवरची मोटर पाणी धरते तसं. बापाचंच हसणं ते. तर त्या उचक्या पडद्यामागून आल्या. मग हसणं आलं. आणि ते निम्म्यावर असताना स्टुलावरच्या फोनमधून तेच सगळं पुन्हा आलं, उचक्यांपासून. फोन बिचारा जरा मागं चालतो.

ऋतुजा हसता हसता थांबली. तिनं फोनकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं.

चाचा ठाणेदाराची वर्दी पुसायला गेला आणि त्यानं वर्दीलाच ग्रीस फासलं. पुन्हा पडदा आधी हसला आणि फोन मागून हसला.

ती उठली. प्रणाली तिला धरायला गेली, तर उर्मिलाबाईंनी सुनेचा हात दाबून धरला. ऋतुजा पडद्यापाशी गेली, खालून तो उचलला आणि डोकं आत घातलं. आत टोपी घातलेला मोठा माणूस जमिनीवर बसला होता. हातात फोन. फोनमध्ये आपलाच टीव्ही, आपलाच चाचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मागं वळून स्टुलाकडे पाहिलं. तिथंही तोच, तळहाताएवढा.

"हस," ती म्हणाली.

गौतमनं तोंड उघडलं. पण हसू येईना.  स्टुलावरच्या फोनमध्येही तसंच, ओठ हलले पण आवाज नाही.

"हस ना!" ऋतुजाचा ओठ पुढं आला. आता ही रडते आणि परत आजीच्या पातळात शिरते, अशी वेळ. उर्मिलाबाईंचा जीव टांगणीला लागला. 

तेवढ्यात सुभेदार उठले. गुडघे धरत पडद्यापर्यंत गेले, पडदा पूर्ण बाजूला सारला आणि ताठ उभे राहिले. ज्यांना आयुष्यात कोणी नक्कल करताना पाहिलं नव्हतं त्या सुभेदार रघुनाथरावांनी हातात नसलेला पाना हवेत फिरवला, खांदे उडवले आणि हुबेहूब चाचाच्या नाकातल्या आवाजात म्हणाले, "बस, पाँच मिनट!" आणि फुर्र करून तोंडातून पाणी उडवल्यासारखं केलं. खरंच थुंकी उडाली. गौतमच्या टोपीवर.

गौतम बघतच राहिला. मग आधी काहीच नाही, मग दोन उचक्या, आणि मग तो असा हसला की सिलिंडरवरची पक्कड खाली पडली. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि हा हसत होता. त्याच्या डोक्याशी उभे सुभेदार तसेच, दोन उचक्या आणि मग भडाभडा. बैठकीत स्टुलावरचा फोन मागून दोघांच्याही वाटचं हसला, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"गौतम," सुभेदार डोळे पुसत म्हणाले, थेट त्यालाच, "उठ, बाहीर ये. थंड फरशीवर कायले बसून राहिला?"

"येतो, बाबूजी."

उर्मिलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता हसू की रडू हा प्रश्न नव्हता, दोन्ही चाललं होतं.

ऋतुजा मात्र कामाला लागली होती. तो उठायच्या आत ती बैठकीत पळाली, स्टुलावरची मुरमुऱ्यांची वाटी उचलली, सांडत सांडत आणली आणि बापाच्या हातात दिली. मग त्याच्या डोक्यावरची टोपी काढून नीट पाहिलं, परत घातली, आणि त्याच्या मांडीवर बूड टेकलं. वाटत होतं, आजवर तिथंच बसत आली असावी. गौतम एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं मुरमुरे खाऊ लागला. शेंगदाणे खाल्ले, कढीपत्त्याची पानं खाल्ली, तळाला चिकटलेला तिखट-मिठाचा चुरा बोटानं पुसून खाल्ला.

ऋतुजानं वाटीत डोकावून पाहिलं. तिचा चेहरा पडला. ती मांडीवरून उतरली आणि रिकामी वाटी घेऊन बैठकीत आजीकडे धावत आली.

"आजी! आजी, बाबानं तं खरंच खाल्ले!"