सरांच्या घरगाडीचा रेडिएटर

आमच्या ह्यांनी लातूरच्या कॉलेजात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. अख्खं शहर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. ‘अहो’ म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही. ‘सर’ म्हटलं की मान लगेच वर होते.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, सत्संगाला लागतात. सरांनी शाळेची मुलं नेणारी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्या पोटात पलंग, ओटा, बेसिन आणि संडास बसवून घेतला. सर तिला मोटरहोम म्हणतात. गल्लीतली पोरं संडासगाडी म्हणतात. मी मधला मार्ग काढला, घरगाडी.

पहिली स्वारी निघाली इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडला, धबधबा बघायला. गाडी मी चालवत होते. सरांकडे परवाना आहे, पण बोलताना ते रस्ता सोडून ऐकणाऱ्याकडे बघतात, आणि ते सतत बोलतात. नांदेड गेलं, हदगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढणीला आलेलं. तेवढ्यात गोडसर वास यायला लागला, आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे चढू लागला.

“सर, काटा वर चाललाय.”

“चढण आहे,” सर म्हणाले.

रस्ता सपाट होता. मी गाडी कडेला घेतली. खाली वाकून बघितलं तर पुढच्या चाकाजवळ हिरव्या पाण्याची धार लागलेली. सरांनी बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या बाजूला काळ्या प्लास्टिकची टाकी असते. तिच्या कोपऱ्यात, जाड पाइप जोडला जातो तिथे, केसासारखी बारीक चीर गेली होती.

“झाकण उघडू नका, तापलंय,” मी म्हटलं.

“शिवकांता, दाब आणि तापमान यांचा संबंध मी शिकवलाय,” असं म्हणत त्यांनी टॉवेल टाकून झाकण फिरवलं. फस्सकन आवाज झाला. सर वेळेवर मागे उडाले म्हणून थोडक्यात वाचले, पण पांढऱ्या सदऱ्यावर आणि अर्ध्या मिशीवर हिरवे शिंतोडे उडाले. संबंध फार जवळचा होता म्हणायचा.

गाडी निवल्यावर त्यांनी पिशवीतून दोन रंगांची लांबी, भेगा बुजवायची पुट्टी, काढली. ती मळून एकत्र केली की दगडासारखी घट्ट होते म्हणे. ती चिरेवर थापताना त्यांनी मला तासभर समजावलं की रेणू एकमेकांना कसे पकडून ठेवतात. मग टाकीत पाणी भरलं, गाडी चालू केली. दहाव्या मिनिटाला लांबीचा तुकडा भाजलेल्या पापडासारखा सुटून निघाला. रेणूंनी एकमेकांना घट्ट पकडलं होतं, टाकीला मात्र कोणीच पकडलं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून धोतर सावरत एक म्हातारबाबा आले. पांढरी गाडी, उन्हासाठी आम्ही बाहेर ताणलेलं कापडी छप्पर, आत पलंग दिसतोय. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधारकार्ड काढलं.

“डोळे तपासायचं शिबिर हेच ना? नाव लिवा. दगडोबा.”

“शिबिर नाही बाबा,” मी म्हटलं. “आमचं घर आहे हे.”

“घर?” त्यांनी आत डोकावून पाहिलं. “मग रस्त्यावर काऊन आणलं?”

मी उघड्या बॉनेटकडे बोट दाखवलं. त्यांनी चीर पाहिली, धार पाहिली आणि लगेच निदान केलं. “हळद टाका. माझा ट्रॅक्टर एक हंगाम हळदीवर चालला.”

“हा शास्त्रीय उपाय नाही,” सर म्हणाले.

“न्हाई टाकली तर न्हाई. बसा मंग इथंच. माझी सून सुकन्या फवारणीचे पंप, टाक्या, सगळं प्लास्टिक जोडती. दोन किलोमीटरवर घर हाय. पर तितवर गाडी न्यायाला पायजे.”

हदगावच्या एका मेकॅनिकला सरांनी फोन लावला. तो म्हणाला, प्लास्टिक जोडत नसतात, आख्खा रेडिएटर बदला, नांदेडहून यायला तीन दिवस. फोन ठेवून सर चिंतन करायला गाडीतल्या संडासात गेले. ते तिथे दहा मिनिटं तरी बसतात. मी ओट्यावरचा मसाल्याचा डबा काढला आणि दोन मुठी हळद एव्हाना निवलेल्या रेडिएटरमध्ये सोडली. वरून पाणी घातलं, इंजिन चालू केलं. धार थांबली नाही, पण ठिबकण्यावर आली.

“बघा,” सर बाहेर येऊन म्हणाले. “लांबीचा परिणाम उशिरा होतो.”

दगडोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मी हळदीचे हात पदराला पुसले. मग त्यांना पुढच्या सीटवर बसवून, काट्यावर नजर ठेवत, गाडी हळूहळू त्यांच्या घरापर्यंत नेली.

सुकन्या तिशीची असेल. अंगणात फुटके पंप, ड्रम, बादल्या यांचा ढीग आणि मध्ये ही, साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून बसलेली. तिने गाडी निवेपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मग अर्ध्या तासात रेडिएटर सोडवून खाली घेतला. आतून पिवळाजर्द चिखल पडला.

“हळद कोणी टाकली?”

“सरांनी,” मी म्हटलं.

सर तोंड उघडून माझ्याकडे बघतच राहिले.

“बारीक जाळ्या तुंबतात न सर,” सुकन्या म्हणाली. “शिकलेले दिसून राहिले तुमी.”

तिने पाणी मारून मारून रेडिएटर धुतला, वाळवला. ढिगातून एका जीपच्या रेडिएटरची फुटकी टाकी काढली, तिचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवला, विझवला आणि धूर हाताने नाकाकडे ओढला.

“हे जमल. केस जळल्यावाणी वास आला म्हंजे नायलॉन. तुमची टाकीबी त्याचीच. बादलीचं प्लास्टिक लावलं तर धरत न्हाई.”

सरांनी पुढे होऊन वास घेतला. खोकले. परत घेतला.

“चौतीस वर्षं मी नायलॉन शिकवलं,” ते हळूच म्हणाले. “वास कधी घेतला नव्हता.”

“कुठं शिकवलं?”

त्यांनी कॉलेजचं आणि स्वतःचं नाव सांगितलं. सुकन्याने चिमटा खाली ठेवला.

“उमाशंकर सर? पिवळ्या कव्हरच्या नोट्सवाले?” ती हसायला लागली. “बारावीला त्याच्या झेरॉक्स वाचल्या की मी! लई पाठ केल्या. बाकी सगळे विषय सुटले, रसायनातच नापास झाले. मंग लगीन लावून दिलं.”

या माणसाच्या नोट्स घोकून किती पोरं पास झाली हे लातूरला सगळे सांगतात, सरही सांगतात. नापास झालेलं कोणी आजवर घरी येऊन भेटलं नव्हतं.

“कुठं अडलं होतं?” सरांनी विचारलं.

“त्यात नुस्ती नावं होती, सर. कशाचं काय व्हतंय, ते कुठंच नव्हतं.”

सर जमिनीवर मांडी घालून बसले. “मग तू सांग,” म्हणाले.

तिने सांगितलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. आजूबाजूचं घासून खरबरीत करायचं. सोल्डरिंगची जाड कांडी तापवून चिरेच्या कडा वितळवायच्या, वरून जुन्या टाकीची पट्टी वितळवून भरायची, आणि मध्ये तारेचे तुकडे टाके घातल्यासारखे दाबायचे. अर्धं काम झाल्यावर सरांनी कांडी मागितली.

“दाबा सर! गोंजारू नका. हात हलवू नका. आता सोडा, सोडा, जळल ते!”

सरांचं बोट भाजलं. तरी कांडी सोडली नाही. इतकं बोलणं त्यांनी कुठल्या प्राचार्याचंही ऐकून घेतलं नसेल.

रेडिएटर परत बसवून पाणी भरलं, आणि पहिल्या चाचणीत एक थेंब आला. सरांनी जोडलेल्या बाजूनेच आला. सुकन्याने तिथे पुन्हा डाग दिला. दुसऱ्यांदा तासभर गाडी चालू ठेवली, काटा मध्यावर, टाकी कोरडी. मग नवीन कूलंट, ते हिरवं पाणी, भरलं. निघताना सरांनी तिला विचारलं, “ते पुन्हा एकदा लिहायचं म्हणतोय मी. नोट्स. लिहिलं की तू वाचशील?”

“वाचीन. पर परीक्षा घेऊ नका,” ती म्हणाली.

सहस्रकुंडला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. पैनगंगा काळ्या खडकावरून धडधडत कोसळत होती, तुषार गाडीच्या काचेपर्यंत येत होते. मी दोन खुर्च्या मांडल्या, चहा टाकला, हाका मारल्या.

सर बॉनेट उघडून, धबधब्याकडे पाठ करून, टॉर्च लावून आत बघत होते.

“शिवकांता, इकडे ये लवकर,” ते ओरडले. “बघ, एक थेंब नाही!”

मी दोन्ही कप घेऊन बॉनेटपाशी गेले आणि त्या काळ्या, ओबडधोबड डागाकडे बघत आम्ही चहा प्यालो.