आई आली, बसा

चादरीची दोन टोकं तिच्या हातात होती आणि दोन ताडाच्या. ताड म्हणजे लॉन्ड्रीतली तिची जोडीदारीण. उंचीवरून पडलेलं नाव, आणि बाईंना त्याचा अभिमान! हॉटेलांच्या चादरी धुऊन, वाळवून टेबलावर यायच्या आणि या दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायच्या. ताणायची, झटकायची, पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. दिवसभर हेच. हात गुंतलेले, पण तोंड मोकळं, आणि ताडाचं तोंड तर मिटायचंच नाही.

"आमची नात काल जिना चढली," ताड म्हणाली. "एकटी! अजून वर्षाची झाली नाही."

"पडेल एक दिवस."

"अगं, काय बोलतेस हे?"

"जिने चढणारी पोरं पडतातच," ती म्हणाली आणि चादर अशी काही खेचली की ताड धडपडत टेबलावर आली.

नातीशी तिचं काय वैर असणार? तिचं दुखणं वेगळंच होतं. तिचा मुलगा दीड वर्षाचा झाला होता आणि चालत नव्हता. चालणं राहू दे, ती घरी असताना तो खुर्चीला धरून उभासुद्धा राहायचा नाही. सतरंजीवर ठेवला की बसला, गाठोड्यासारखा. तीही त्याला गाठोडंच म्हणायची. आधी लाडानं म्हणायची, हल्ली दातओठ खाऊन.

नवरा शिंपी. दुकान नव्हतं, राहत्या घरातच पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन मांडलेली. पँटची उंची कमी करा, कोटाचं अस्तर बदला, चेन बसवा, असली कामं. काम घरात म्हणून मूलही त्याच्याकडे, आणि मूल त्याच्याकडे म्हणून मुलाचं जे जे पहिलं ते सगळं त्याच्या वाट्याला. ही तिकडे वाफेत उकडून निघायची आणि हा इकडे मजा बघायचा. निदान तिला तरी ती मजाच वाटायची. एका पायानं मशीन चालवत दुसऱ्या पायानं पोराला पिनांपासून लांब ठेवणं म्हणजे काय असतं, हे तिला कोण सांगणार आणि तिनं ऐकलं तरी असतं का?

पहिला दात आला तेव्हा त्यानं हौसेनं लॉन्ड्रीत फोन केला. "अगं, दात! खालचा! चमचा लागला की वाजतोय!"

"मग मला कशाला सांगतोस? मिरवायला?" असं म्हणून तिनं फोन आपटला.

पहिला शब्द आला तो "बाबा". झालं! जेवताना त्यानं सांगितलं मात्र, हिनं डाव सिंकमध्ये भिरकावला. "तूच शिकवलास. मुद्दाम शिकवलास. दिवसभर त्याच्या कानाशी बाबा बाबा करत बसला असशील." तो म्हणाला, अगं, मी टाके घालत होतो. पण ऐकतंय कोण? मग मूल रांगायला लागलं. तेही दुपारी, तेही तिच्या पाठीमागे, आणि त्या संध्याकाळी तिनं नवऱ्यासमोर बोट नाचवून सांगितलं, "आजपासून त्याचं काही एक सांगायचं नाही मला. जे मी पाहिलं नाही ते झालंच नाही. समजलं?"

नवऱ्यानं कानाला खडा लावला. मुळातच गरीब माणूस, भांडणाला भिणारा. सांगायचं नाही म्हणजे नाही.

आता कुणी म्हणेल, कसली ही आई, पोराचं कौतुक ऐकवत नाही हिला! म्हणा खुशाल. नऊ महिने पोटात वागवायचं हिनं, आणि त्याची पहिली पावलं बघायची कुणी? कोटाला बटण लावून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनी? एक गोष्ट तरी आपल्या डोळ्यांसमोर व्हावी, एवढंच तिचं मागणं होतं. पहिलं पाऊल मी बघणार, असं तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं. कामावरून आली की चपला काढायच्या आधी ती सतरंजीवर बसायची, हात पसरायची. "ये. ये ना रे. ये माझ्याकडे." मुलगा तिच्याकडे बघून खुदखुदायचा आणि जागचा हलायचा नाही.

शेवटी डॉक्टरांकडे नेलं. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, गुडघे ठोकून पाहिले, दोन्ही काखांत धरून उभा करून पाहिला. पोरानं पाय दुमडले आणि आईकडे बघत टेबलावर बसकण मारली.

"पाय तर दणकट आहेत," डॉक्टर म्हणाले. "घरी धरून धरून तरी चालतो का?"

"नाही," ती म्हणाली. नवरा भिंतीवरचं लसीचं पोस्टर वाचत होता. इतकं मन लावून त्यानं शाळेत वाचलं असतं तर साहेब झाला असता.

"मालिश करा, व्यायाम द्या. पुढच्या महिन्यापर्यंत फरक दिसला नाही तर मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

मोठे डॉक्टर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवसापासून रोज कामावरून यायचं, तेल कोमट करायचं आणि पोराचे पाय चोळायचे. ती मनात नाही नाही ते आणायची. आपण पोटुशी असताना जड पिशव्या उचलल्या म्हणून असं झालं का? वाफेनं झालं का? नवरा शेजारी बसून मूग गिळून बघत राहायचा. एकदा तो म्हणाला, "एवढं नको चोळूस, ठीक आहे तो." यावर ती अशी उसळली की तो उठून बाहेर निघून गेला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात आडवे आले. "तुमच्या पोराला जरा आवरा हो. दुपारी डोळा लागू देत नाही. धाड धाड धाड, इकडून तिकडे पळत असतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाज नाही वाटत? माझं पोर उभं राहत नाही आणि तुम्ही त्याची थट्टा करता?" आजोबा आ वासून बघत राहिले. तिनं त्यांच्या सगळ्या पिढ्या उद्धरल्या आणि वर जाऊन दार आपटलं.

मग एका दुपारी लॉन्ड्रीचा बॉयलर बंद पडला. वाफ नाही तर काम नाही. मुकादमानं सगळ्यांना घरी सोडलं. ती जिना चढत होती तर वरून नवऱ्याचं गिऱ्हाईक उतरत होतं, शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई, हातात दुरुस्त केलेला कोट.

"अगंबाई, तुम्ही आज लवकर!" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "काय वारं प्यालाय हो तुमचा मुलगा! माझं बटण घेऊन जे पळालाय, तुमच्या मिस्टरांना खोलीभर दमवलं त्यानं, शेवटी कपाटामागे..." आणि बाईंचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे रांगत हो. रांगत पळाला."

"रांगत?"

"हो, म्हणजे... बराच जोरात रांगतो," बाई म्हणाल्या आणि कठड्याला धरून भराभर खाली गेल्या.

ती तिथेच उभी राहिली. म्हणजे या बाईंना माहीत. खालच्या म्हाताऱ्याला माहीत. चेन बसवून घ्यायला येणाऱ्या सोम्यागोम्याला माहीत. सगळ्या इमारतीनं तिचं पोर चालताना पाहिलंय, आणि जन्मदात्या आईला पढवून ठेवल्यासारखं कुणी सांगत नाही!

दार ढकललं तर मुलगा सतरंजीच्या मधोमध बसलेला. गाल लाल, धाप लागलेली. तिला बघून त्यानं स्वतःच टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं मशीनवरून मान वर केली नाही.

"कधीपासून चालतो हा?"

मशीन थांबली.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," तो म्हणाला.

"उन्हाळ्यापासून! आणि मी तेल चोळतेय! मला डॉक्टरांकडे बसवून तू पोस्टर वाचत होतास! माणूस आहेस की कोण आहेस?"

"तूच म्हणाली होतीस, सांगायचं नाही म्हणून."

"चालतो हे सांगू नको म्हणाले, लंगडा आहे असं समजू दे म्हणाले का?"

"तुझ्यासमोर उठेल असं वाटलं होतं गं," तो म्हणाला. आता त्याचाही आवाज चढला होता. "एक दिवस तुझ्यासमोर उठेल, तू ओरडशील, अगंबाई, चालला! आणि मी म्हणेन, हो गं, पहिल्यांदाच. जन्मभर तसंच म्हणालो असतो. गिऱ्हाइकांनाही म्हणूनच सांगून ठेवलं होतं, तुझ्यापाशी बोलू नका. तुला तुझं मिळावं, एवढंच होतं माझ्या मनात."

"मग उठला का नाही?"

नवरा टेपशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "तुझी चप्पल जिन्यात वाजली की तो दाराकडे पळायचा. धावत येताना दिसला तर तुला कळेल, हा काही आजच चालायला लागलेला नाही. म्हणून मी म्हणायचो, आई आली, बसा. बसला की टाळ्या. त्याला तो खेळच झाला. आता मी तोंडसुद्धा उघडत नाही. तू दिसलीस की आपला आपण बसतो. डॉक्टरांकडून आल्यापासून मोडायला बघतोय ही सवय, मोडत नाही. आणि तुला सांगायचं तर कुठल्या तोंडानं?"

"कुत्र्याला शिकवतात तसं शिकवलंस माझ्या पोराला."

नवऱ्यानं मान खाली घालून टेप गुंडाळली.

"चालव त्याला. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं मुलाला काखांत धरून उभं केलं. पोरानं आईकडे पाहिलं, पाय दुमडले, बसला. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसला, आणि या वेळी तर खदखदून हसला. असा खेळ त्याला रोज चालला असता. तिला वाटलं एक फटका द्यावा. तिचा हात खरोखर वर गेला, आणि मग तिची तिलाच भीती वाटली. ती तशीच बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

बाहेर ती भिंतीला टेकून उभी राहिली. खालच्या आजोबांनी दार किलकिलं करून वर पाहिलं. तिनं असं पाहिलं की म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं.

मग आतून आवाज आला. थप, थप, थप. अनवाणी, छोटी, घाईची पावलं, जमिनीवर पुरी टेकवत येणारी. पावलं दाराशी येऊन थांबली.

"आई?" आतून हाक आली आणि दारावर हाताच्या चापट्या बसल्या. चापट्या खाली नव्हत्या, तिच्या मांडीच्या उंचीला होत्या. तो उभा होता. लाकडाच्या पलीकडे, आपल्या पायांवर, तिला शोधत उभा होता.

"आलेच," असं काहीतरी ती पुटपुटली आणि तिनं दार हळूच आत ढकललं.

फटीतून तो दिसला. पाय फाकवून उभा, गंजी वर गेलेली, पोट पुढे, हात दाराकडे. किती उंच झाला होता! बसलेला बघून बघून तिला त्याची उंचीच कळली नव्हती. आणि मग त्यालाही ती दिसली. दार त्याच्या अंगावर येत होतं, बसायला जागा नव्हती. म्हणून तो मागे सरकला. तिच्यावरची नजर न काढता एक पाऊल मागे, मग दुसरं, मग आणखी एक. तिनं पोराची पावलं पाहिली ती ही, उलटी, तिच्यापासून लांब जाणारी. जागा झाल्याबरोबर तो बसला.

ती उंबऱ्यातच खाली बसली. रडू फुटलं होतं, पण त्याहून राग मोठा होता, आणि तो नवऱ्यावर काढावा की स्वतःवर, हे तिला कळेना.

"उद्यापासून सगळं सांगायचं मला," ती नवऱ्याला म्हणाली. "फोन करून. शिंकला तरी सांगायचं."

"तू ओरडशील."

"ओरडणारच! ओरडेन, फोन आपटेन, तरी पुन्हा करायचा आणि सांगायचं!"

आईचा आवाज चढला तसा मुलगा आणखी नीट मांडी घालून बसला.